सोमवारची हुडहुडी

परब काकींनी नर्सने पांघरलेलं दुसरं ब्लँकेटही पायाने ढकलून दिलं आणि म्हणाल्या, "काढा ही सुई. माका घराक जावचा हा."

त्यांचे दात वाजत होते. सगळा पलंग हलत होता. शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांना ताप भरला होता आणि त्यांच्या पलीकडच्या बाईंचं बीपी घसरलं होतं. तिघांनाही मशीन लावून तासभरच झाला होता. मी सॅम्पलच्या बाटल्यांची पेटी घेऊन दारात उभी होते आणि माझ्याकडे बघायला कुणाला वेळ नव्हता, हे योग्यच होतं.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. अंधेरीच्या एमआयडीसीत एका टेस्टिंग लॅबमध्ये गेली कित्येक वर्षं पाणी तपासते. नातेवाइकांना वाटतं मी बीएमसीच्या नळाचं पाणी तपासते, म्हणून लग्नकार्यात सगळे मला आपल्या सोसायटीच्या टाकीबद्दल विचारतात. प्रत्यक्षात माझं पाणी इंजेक्शनच्या कारखान्यांचं आणि डायलिसिस सेंटरांचं. घाटकोपरचं हे सेंटर एका ट्रस्टचं. छोटं, स्वच्छ, गरिबाला परवडणारं. आमची गाडी दर महिन्याला गुरुवारी तिथे जायची, सॅम्पल आणायची, आणि आम्ही जंतूंचा रिपोर्ट द्यायचो. रिपोर्ट कायम झकास. या वेळी मात्र तिथल्या डॉक्टरांनी स्वतः मला फोन केला होता. "मॅडम, सोमवारी सकाळी या. पेशंटना थंडी वाजते, फक्त सोमवारी, फक्त पहिल्या शिफ्टला. रक्ताच्या टेस्ट केल्या, इन्फेक्शन सापडत नाही."

नर्सने डायलिसिस थांबवलं, इंजेक्शनं दिली, हळूहळू तिघंही स्थिरावले. मग काकींची मुलगी सुनीता आईपाशी बसली आणि मायलेकींचं जुंपलं.

"गुरुवारी येतलंय," काकी म्हणाल्या. "सोमवारी मी येवचंय नाय. मेलंय तरी चलात, पण ही हुडहुडी माका नको."

"आई, वेडी आहेस का? सोमवार सोडलास तर गुरुवार ते गुरुवार होईल. डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

"डाक्तराक झोपव हय. मगे बघ तो काय म्हणता."

किडन्या निकामी झालेल्या माणसाला डायलिसिस म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. शरीरातला कचरा आणि जास्तीचं पाणी मशीनने बाहेर काढायचं. काकींचे दिवस सोमवार आणि गुरुवार. मधला एक दिवस गाळला की आठवडाभराचं पाणी छातीत साठतं, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदय कधीही थांबू शकतं. काकींना हे पाठ होतं. नवरा गिरणीत होता, संपानंतर लालबागला मालवणी खानावळ चालवून त्यांनी मुलं वाढवली होती. त्या बाईला घाबरवून काही होणार नव्हतं. त्यांना बरं वाटलं तरच त्या येणार होत्या.

मी तीन ठिकाणचं पाणी घेतलं. पहिलं आरओच्या मेंब्रेनमधून, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यातून, बाहेर पडल्या पडल्या. दुसरं स्टीलच्या मोठ्या टाकीच्या नळातून, जिथे ते शुद्ध पाणी साठवलं जात होतं. तिसरं थेट काकींच्या पलंगामागच्या जोडणीतून. संतोष, तिथला डायलिसिस टेक्निशियन, माझ्यामागे बाटल्यांची झाकणं धरून उभा होता. पस्तिशीचा, चेहऱ्यावरून झोप उडालेला.

"मॅडम, माझी काही चूक असेल तर आधी मला सांगा हां. मग साहेबांना."

"तू काय करतोस ते सांग आधी."

त्याने सांगितलं. शनिवारी शेवटची शिफ्ट संपली की तो टाकी काठोकाठ भरायचा. रविवारी सेंटर बंद, पंप बंद. सोमवारी महापालिकेचं पाणी उशिरा आलं तरी पहिली शिफ्ट अडू नये म्हणून. एकदा पाणीकपातीत खरोखर एक शिफ्ट रद्द झाली होती आणि एका पेशंटला मध्यरात्री केईएमला धावावं लागलं होतं. तेव्हापासून ही टाकी आली.

"मी असल्फाच्या डोंगरावर वाढलोय, मॅडम. पाणी दिसलं की भरायचं. झोपेतपण भरेन."

मी हसले, पण मनात म्हटलं, वाट लागली. या शहरात पाणी भरून ठेवणारा माणूस शहाणा समजतात. आमच्या बोरिवलीच्या घरात अजून बाथरूममध्ये दोन पिंपं भरलेली असतात आणि नळाला चोवीस तास पाणी असतं. सवय कुठे जाते? पण आरओचं पाणी घरच्या पाण्यासारखं नसतं. महापालिका पाण्यात क्लोरीन घालते, ते जंतूंना वाढू देत नाही. रुग्णाच्या रक्ताला क्लोरीन चालत नाही म्हणून सेंटर ते आधी काढून टाकतं. मग उरतं ते इतकं शुद्ध पाणी की त्याचं रक्षण करायलाच कुणी नाही. असं पाणी मुंबईच्या उकाड्यात दीड दिवस उभं राहिलं की त्यात जे जंतू वाढतात, ते मजेत वाढतात.

तरी आमचे रिपोर्ट चांगले कसे यायचे? कारण टाकीनंतर एक यूव्ही दिवा होता. पाणी त्याच्यासमोरून जाताना जंतू मरायचे, आणि आमचं नेहमीचं सॅम्पल दिव्यानंतरचं. आमची टेस्ट जिवंत जंतू मोजते. मेलेले तिला दिसत नाहीत. त्यातून सॅम्पल गुरुवारचं, म्हणजे टाकीतलं पाणी चार दिवस वाहून ताजं झालेलं.

आता मुख्य गोष्ट. काही जातींच्या जंतूंच्या अंगावरच्या वेष्टनात एक पदार्थ असतो, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात. जंतू मेला, फुटला, की हे वेष्टन तुकडे तुकडे होऊन पाण्यात सुटतं. पिण्याच्या पाण्यातून पोटात गेलं तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. आपल्या आतड्यात ते रोजच असतं. पण रक्तात गेलं की शरीराला वाटतं, जंतूंची फौज आत घुसली. जंतू नसतात, नुसते त्यांचे अंगरखे असतात, पण शरीर लढाई पुकारतं. हुडहुडी, ताप, मळमळ, बीपी खाली. प्रमाण जास्त असेल तर जिवावर बेततं. थोडं थोडं रोज जात राहिलं तर ताप येत नाही, पण माणूस आतून सुजत राहतो, भूक जाते, रक्त वाढत नाही. डायलिसिसच्या एका खेपेला शंभरावर लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहतं, मध्ये फक्त पातळ पडदा. तुकडे त्यातून निसटतात. दिवा जंतू मारतो, पण मेलेले उचलून नेत नाही. आणि उकळूनही हा पदार्थ जात नाही.

एंडोटॉक्सिनची टेस्ट वेगळी असते आणि सेंटरने ती आमच्याकडे कधी मागितलीच नव्हती. त्या दिवशी मी कुणाला विचारलं नाही, सरळ लावली.

टेस्ट बघायला गंमत आहे. काचेच्या बारीक नळ्या आधी भट्टीत अडीचशे डिग्रीला भाजाव्या लागतात, म्हणजे काचेवरचं एंडोटॉक्सिन जळून जातं. मग नळीत सॅम्पल आणि त्याच्याइतकंच एक औषध. हे औषध एका समुद्री प्राण्याच्या रक्तापासून करतात. घोड्याच्या नालेसारखा दिसणारा, खेकड्याचा लांबचा नातेवाईक, रक्त निळसर. त्याच्या रक्ताला एंडोटॉक्सिन लागलं की ते गोठतं. नळ्या अंगाइतक्या उबेत तासभर ठेवायच्या, अजिबात हलवायच्या नाहीत, आणि मग एकदाच उलट्या करायच्या. पाणी ओघळलं तर पास. गोळा वर चिकटून राहिला तर नापास.

मेंब्रेननंतरची नळी उलटी केली, पाणी ओघळलं. टाकीची उलटी केली, गोळा जागचा हलला नाही. काकींच्या पलंगामागची उलटी केली, तोही नाही. सॅम्पल भरपूर पातळ करून पुन्हा लावलं. तरी गोळा. मी एवढा घट्ट गोळा फार कमी वेळा पाहिलाय. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला, कारण चोर सापडला होता.

मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी तिथल्या तिथे सेंटर बंद केलं आणि दोन दिवसांच्या पेशंटना मुलुंडला पाठवलं. मंगळवारी दुपारी मी ट्रस्टच्या सेक्रेटरींसमोर बसले. नाईक साहेब, बँकेतून रिटायर झालेले, पांढराशुभ्र सफारी, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. संतोष भिंतीला टेकून उभा.

"टाकी नीट धुतली नसणार," नाईक साहेब त्याच्याकडे बघून म्हणाले.

"साहेब, दर पंधरा दिवसांनी आत उतरून घासतो."

"तो खरं बोलतोय," मी म्हटलं. "घासून प्रश्न सुटत नाही. शेवटचं पाणी तळाशी राहतंच, त्यातून परत सुरू होतं. शुद्ध पाणी साठवायचंच नाही. आरओमधून निघालं की फिरत ठेवायचं, रविवारीसुद्धा. टाकी काढा."

"टाकी निघणार नाही."

"का?"

त्यांनी टेबलावरचा सरळ कागद पुन्हा सरळ केला. संतोषने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मग मला आठवलं. टाकीवर पितळी पाटी होती. कै. सुशीलाबाई नाईक यांच्या स्मरणार्थ. रोज कुणीतरी तिला हळदकुंकू लावत होतं. मी सॅम्पल घेताना त्या पाटीखालीच वाकले होते आणि नावाकडे लक्षच दिलं नव्हतं.

"तुमच्या आई?"

"हो. आम्ही इथेच चाळीत राहायचो. पाणी पहाटे यायचं. आई आमचं भरून झालं की शेजारच्या आजारी माणसांचं भरायची. बाळंतिणीचं, म्हाताऱ्यांचं. मी शिफ्ट रद्द झाली त्या दिवशी घरी गेलो आणि मला जेवण गेलं नाही. आई असती तर असं झालं नसतं, एवढंच वाटत होतं. आणि तुम्ही म्हणता, त्या टाकीने माणसं आजारी पडली?"

मी तडक बोलणारी बाई आहे. घरीही त्यावरून ऐकून घेते. पण या माणसाला फटकारून काही साधणार नव्हतं. तसंच, त्याला बरं वाटावं म्हणून मी रिपोर्टही मऊ करणार नव्हते.

"साहेब, हो. त्या टाकीतल्या पाण्याने. परब काकी म्हणतात सोमवारी येणार नाही. त्यांनी एक सोमवार गाळला तर काय होईल, हे तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलंय. तुमच्या आईंनी आजारी माणसाच्या दारात असं पाणी ठेवलं असतं का?"

त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता बाहेर काढतात. संतोष भिंतीला आणखी चिकटला.

"मी टाकी फेकायला सांगतच नाहीये," मी म्हटलं. "जागा बदलायला सांगतेय. आत्ता ती आरओच्या नंतर आहे. ती आरओच्या आधी आणा. महापालिकेचं पाणी आधी तिच्यात भरू दे. त्यात क्लोरीन असतं, ते टिकतं. आणि काही झालंच तर त्यानंतर सगळं गाळून निघतं. कपात झाली की तीच टाकी उपयोगी पडेल. संतोषने हवी तेवढी भरावी, काठोकाठ भरावी. फक्त शुद्ध झाल्यावर नाही, शुद्ध होण्याआधी."

नाईक साहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे पहिलं पाणी तिच्याकडे येणार."

"पहिलं."

"पाटी?"

"पाटीने मशीन बिघडत नाही, साहेब. फक्त हळदकुंकू बाहेरून लावा."

ते पहिल्यांदा हसले. मग संतोषकडे वळून म्हणाले, "आरओवाल्याला बोलव रे. आजच."

आरओ कंपनीच्या इंजिनिअरने प्लांटची ताकद पुरेशी असल्याचं सांगितलं. बुधवारी टाकी हलली. शुद्ध पाण्याचे पाइप जंतुनाशकाने धुतले, मग ते सगळं पाणी सोडून दिलं. संतोषला तेवढं पाणी गटारात जाताना बघवेना, तो बाहेर जाऊन चहा पिऊन आला. संध्याकाळी मी नळ्या उलट्या केल्या. सगळ्या ओघळल्या.

गुरुवारी काकी आल्या. मी मुद्दाम गेले. त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं. शिळ्या कालवणाला उकळी दिली तर किडे मरतात, पण आंबटपणा जात नाही, तसं हे, असं म्हटल्यावर खानावळीवाली बाई मान डोलवायला लागली. मग मी त्या प्राण्याचं सांगितलं, आणि तिथे मी घसरले.

"कुर्लेचा रगात?" काकी उठून बसायला लागल्या. "कुर्लेक रगात खय असता गो? जल्मभर कुर्ल्यो फोडलंय मी. माका शिकयतंस?"

"काकी, ही कुर्ली नव्हे. तिची लांबची बहीण. रक्त निळं असतं."

"निळा?" त्यांनी सुनीताकडे बघितलं. "ऐकलंस? ह्या चेडवाक कोणी तरी फसवल्यान."

संतोष खो खो हसला. मीही हसले. पण मग काकी गंभीर झाल्या आणि माझं मनगट धरलं. त्यांचा हात थंड होता.

"सोमवारी परत तसा झाला तर? तू तुझ्या हापिसात आणि मी हय कापतंय. तू बसतलंस माझ्या वांगडा?"

अशा वेळी डॉक्टर 'बघू' म्हणतात. मी म्हटलं, "बसते. सुई लागल्यापासून निघेपर्यंत."

"नक्की?"

"टेस्ट माझी आहे, काकी. माझा तिच्यावर विश्वास नसेल तर तुम्ही कशाला ठेवाल?"

हे म्हणताना मला खात्री होती. रविवारी संध्याकाळी सॅम्पल घेऊन लॅबमध्ये नळ्या उलट्या केल्या तेव्हाही सगळं ओघळलं. तरी सोमवारी सकाळी सेंटरच्या पायऱ्या चढताना मी रविवारचा रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला. नळी काय सांगते ते मला कळतं. पण पलंगावर नळी झोपत नाही.

त्यात भर म्हणजे, त्या सोमवारी पाणी आलंच नाही. पाइपलाइन फुटली म्हणून सगळ्या भागात ठणठणाट. शेजारच्या सोसायटीच्या गेटवर बायका कळश्या घेऊन उभ्या होत्या. नाईक साहेब धावत आले. "संतोष, टाकी?"

"फुल्ल आहे, साहेब." त्याने हे इतक्या ऐटीत सांगितलं की मला त्याला शाबासकी द्यावीशी वाटली. आरओ सुरू झाला, टाकीतलं पाणी गाळून पुढे गेलं, पहिली शिफ्ट वेळेवर लागली.

काकी आल्या. सुनीताच्या खांद्याला धरून, चेहरा दगडासारखा. संतोषने सुया लावल्या. मी स्टुलावर बसले. पहिला अर्धा तास गेला. शेजारचे गृहस्थही माझ्याकडेच बघत होते, त्यांनाही मागच्या सोमवारी ताप भरला होता. तास भरत आला. हुडहुडी याच सुमाराला सुरू व्हायची.

काकींनी अंग आखडून घेतलं. "ब्लँकेट दी गो," त्या म्हणाल्या.

मी स्टुलावरून उठले. संतोष मशीनकडे धावला. सुनीताच्या तोंडाचा रंग उडाला. मी काकींच्या कपाळाला हात लावला. नॉर्मल. नर्सने थर्मामीटर लावला. नॉर्मल. बीपी चांगलं.

"काकी, थंडी वाजतेय? दात वाजतायत?"

"थंडी खय वाजता?" त्या वैतागून म्हणाल्या. "त्या एसीचो वारो माझ्याच टाळक्यार येता. तो बंद कर आधी."

संतोषने एसीची दिशा बदलली आणि तोंड फिरवून उभा राहिला. मी मात्र तोंड फिरवलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते सगळ्यांनी बघितलं. शेजारचे गृहस्थ टाळ्या वाजवायला लागले, सुई लावलेल्या हाताने, म्हणून नर्स त्यांच्यावर ओरडली.

काकींचं डायलिसिस पूर्ण झालं. जाताना त्या नव्या जागी ठेवलेल्या टाकीसमोर थांबल्या, पाटी वाचून घेतली, आणि नाईक साहेबांना म्हणाल्या, "आवशीचा नाव बरा हा." साहेबांनी त्यांना हात जोडले.

सेंटर आता दर महिन्याला दोन्ही टेस्ट करून घेतं आणि आमची गाडी सोमवारी जाते. रविवारीही पंप चालू असतो. कधीकधी डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये मला बोलायला बोलावतात, तेव्हा मी एवढंच सांगते, की 'जंतू नाहीत' हा रिपोर्ट वाचून कुणी निर्धास्त होऊ नये. कोण मेलं आणि मेल्यावर काय मागे ठेवून गेलं, तेही विचारावं. आणि मुंबईत पाणी जरूर भरून ठेवावं. फक्त कुठल्या बाजूला, ते आधी ठरवावं.

परब काकींनी त्यानंतर एकही सोमवार चुकवलेला नाही. मी सॅम्पलला गेले की डबा आणतात. डब्यात कुर्ल्यांचं कालवण असतं, आणि दर वेळी झाकण उघडून त्या मला आधी दाखवतात. "बघून घे. लाल हा."